उणे एकोणीस, गुण छत्तीस

लिनक्स चालवणाऱ्या यंत्रावर ‘रूट’ नावाचा जो वापरकर्ता असतो, त्याला अडवणारं तिथे सहसा कोणी नसतं. तो हवी ती फाइल उघडतो, नको ती पुसतो, मनात आलं तर बसल्या जागी अख्खी डिस्क साफ करतो. यंत्र ‘नक्की ना?’ एवढंही विचारत नाही. असा हा सर्वाधिकारी एके दिवशी नेटवर्क कार्ड सुरू करायची साधी आज्ञा देतो आणि पडद्यावर उत्तर येतं : ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. परवानगी नाही!

मग त्याची संध्याकाळ परवानग्या तपासण्यात जाते. सिक्युअर बूट बंद करून पाहिलं जातं. सुरक्षेचे नियम राबवणाऱ्या एसईलिनक्सला शिव्या दिल्या जातात, कारण ती जुनी रीत आहे. खरा प्रकार एवढाच असतो, की कार्डाचा कारभार पाहणाऱ्या ड्रायव्हरला हवी तेवढी मेमरी मिळालेली नसते. परवानगीचा त्यात काडीचाही संबंध नसतो. पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ‘काहीतरी बिनसलं’ हे सांगण्यासाठी घाईघाईत ‘रिटर्न उणे एक’ असं लिहून ठेवलेलं असतं, आणि लिनक्सच्या चुकांच्या यादीत पहिला क्रमांक आहे ‘ई-पर्म’चा, म्हणजे परवानगी नाकारल्याचा. लिहिणाऱ्याच्या मनात उणे एक म्हणजे नुसती नकारघंटा. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याच्या लेखी मात्र ते एक नेमकं विधान असतं, आणि कर्नल ते इमानेइतबारे वरपर्यंत पोचवतो.

ही यादी युनिक्सपासून चालत आली आहे. २ म्हणजे फाइल सापडली नाही, ५ म्हणजे देवाणघेवाणीत बिघाड, १२ म्हणजे मेमरी नाही, १९ म्हणजे असं उपकरणच नाही, २२ म्हणजे तुम्ही दिलेला तपशील चुकीचा. २५ व्या क्रमांकावर ‘नॉट अ टाइपरायटर’ बसला आहे. कर्नलच्या हेडर फाइलीत त्या आकड्यापुढे आजही हेच शब्द आहेत. त्यामुळे सेकंदाला अब्जावधी बिट धाडणाऱ्या एखाद्या कार्डाला न कळणारी आज्ञा दिली, तर ‘मी टाइपरायटर नव्हे’ अशा अर्थाचं उत्तर येऊ शकतं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही असतं.

कर्नलमधला ढोबळ रिवाज सोपा आहे : काम झालं तर शून्य, फसलं तर या यादीतला आकडा उणे करून परत द्यायचा. मेमरी नसेल तर उणे १२, उपकरण नसेल तर उणे १९. इतका सोपा रिवाज पाळण्यात काय अडचण आहे, असं कोणालाही वाटेल. घोडं पेंड खातं ते ‘ढोबळ’ या शब्दापाशी.

कर्नलच्या कोडिंग-शैलीच्या दस्तऐवजात या विषयाला वेगळं प्रकरण दिलेलं आहे. फंक्शनचं नाव आज्ञार्थी असेल, समजा ‘काम रांगेत लाव’, तर यशाला शून्य आणि अपयशाला उणे आकडा. नाव प्रश्नार्थी असेल, समजा ‘पीसीआय उपकरण हजर आहे का’, तर हो म्हणजे एक आणि नाही म्हणजे शून्य. म्हणजे एकाच शून्याचा अर्थ या दारात ‘झालं बुवा’ आणि शेजारच्या दारात ‘नाही बुवा’. या दोहोंची सरमिसळ झाली की शोधता शोधता नाकी नऊ आणणाऱ्या चुका जन्माला येतात, हे तोच दस्तऐवज सांगतो. सी भाषेत आकडा आणि हो-नाही यांच्यात पक्की भिंत असती तर कंपायलरनेच चूक पकडली असती, अशी हळहळही तो व्यक्त करतो. सी भाषेला हो-नाहीसाठी वेगळा प्रकार मिळाला तो १९९९ च्या प्रमाणकात, आणि तेव्हाही भिंत काही कोणी बांधली नाही. ज्या फंक्शनने फक्त हो किंवा नाही म्हणायचं, त्यातून एखाद्याने सवयीने उणे २२ परत केलं, तर भाषा ते आनंदाने स्वीकारते. शून्य सोडून बाकी सगळं तिच्या हिशेबी ‘हो’. ‘तुमचा तपशील चुकीचा आहे’ हे वाक्य वाटेतच ‘हो, हो, अगदी बरोबर’ होऊन पोचतं.

नेटवर्क ड्रायव्हर हा प्राणी तर या बाबतीत फारच दुर्दैवी. त्याला एकाच वेळी कर्नलच्या चार-पाच खात्यांशी बोलावं लागतं आणि प्रत्येक खात्याची बोली वेगळी.

इंटरप्टचंच बघा. कार्डावर पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरचं लक्ष वेधून घेतं, आणि कर्नल त्या लाइनवरच्या ड्रायव्हरांना एकेक करून विचारतो : तुझं आहे का हे? २००३ पर्यंत या प्रश्नाला उत्तर द्यायची सोयच नव्हती. इंटरप्ट हाताळणारं फंक्शन काहीच परत करत नसे. मग २.५ मालिकेत त्यासाठी वेगळा प्रकार आला. ‘माझं नव्हे’ म्हणजे शून्य, ‘माझं होतं, निस्तरलं’ म्हणजे एक. आता ज्या माणसाची बोटं वर्षानुवर्षं ‘सगळं ठीक, रिटर्न शून्य’ लिहीत आली आहेत, त्याने इथेही तेच लिहिलं तर काय होतं? ड्रायव्हर प्रत्येक पॅकेट नीट उचलतो, रांगेत लावतो आणि वर कर्नलला सांगतो, ‘छे, छे, माझा काही संबंध नाही.’

कर्नल लगेच संशय घेत नाही. तो मोजत बसतो. एका लाइनवर १,००,००० इंटरप्ट होऊ देतो, आणि त्यातले ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, की मगच त्याचा बांध फुटतो. नोंदवहीत तेव्हा जी ओळ उमटते, तिच्याइतकी विषण्ण ओळ सगळ्या संगणकशास्त्रात सापडणं कठीण : ‘आयआरक्यू ११ : नोबडी केअर्ड’. कोणालाही पर्वा नव्हती. त्यामागोमाग ती लाइन बंद केली जाते. त्याच लाइनवर डिस्कचा कंट्रोलरही बसलेला असेल तर त्याचाही कारभार आटोपला. सगळी कामं चोख करूनही श्रेय नाकारणारा निष्काम कर्मयोगी गीतेत शोभतो; इंटरप्ट हँडलरमध्ये तो शेजाऱ्याला घेऊन बुडतो.

पॅकेटं फार येऊ लागली की दर पॅकेटामागे इंटरप्ट परवडत नाही, म्हणून ‘नापी’ नावाची व्यवस्था आहे. तिथे कर्नल ड्रायव्हरला एक मर्यादा देतो, बहुधा ६४, आणि म्हणतो, एवढी पॅकेटं उपस आणि किती उपसलीस ते सांग. इथे शून्य म्हणजे यशही नाही आणि अपयशही नाही. शून्य म्हणजे शून्य पॅकेटं. या ठिकाणी उणे ५ परत करणारा ड्रायव्हर म्हणजे ‘किती जेवलास?’ या प्रश्नाला ‘ताप आहे’ असं उत्तर देणारा इसम. आणि दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आकडा सांगणाऱ्या ड्रायव्हरचं नाव कर्नल नोंदवहीत घालतो, तेही एकदाच. रोज रोज बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नाही.

वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडून माहिती उचलून आणणारं ‘कॉपी-फ्रॉम-यूजर’ आणखी निराळं. सगळं आणलं तर शून्य, इथपर्यंत ठीक. पण काही राहिलं, तर किती बाइट *राहिले* तो आकडा, तोही अधिक चिन्हाचा. ड्रायव्हरने ते उत्तर जसंच्या तसं पुढे ढकललं, तर वरच्या प्रोग्रॅमला उणे १४ म्हणजे ‘पत्ता चुकीचा’ असं कळायच्या ऐवजी कळतं ‘१२’. बारा काय? बारा वाजले, बारा मिळाले, की बारा बुडाले? प्रोग्रॅम बहुधा उणे चिन्ह आहे का एवढंच बघतो, ते नसतं, आणि पुढे चालू लागतो.

या सगळ्यांत गंभीर प्रकरण आहे ते पॅकेट पाठवण्याचं. ‘एनडीओ-स्टार्ट-एक्समिट’ हे फंक्शन कर्नलचा नेटवर्क विभाग बोलावतो, ड्रायव्हरच्या हाती एक पॅकेट देतो आणि उत्तराची वाट पाहतो. ते उत्तर नुसतं यशापयशाचं नसतं. पॅकेट आता कोणाच्या मालकीचं, याचा निवाडा त्या आकड्यात असतो. ‘ओके’ म्हणजे शून्य : पॅकेट ड्रायव्हरने घेतलं, ते तारेवर गेलं काय किंवा वाटेत फेकून दिलं काय, त्याची मेमरी मोकळी करणं ही ड्रायव्हरची जबाबदारी. ‘बिझी’ म्हणजे सोळा : मी हातही लावलेला नाही, पॅकेट तुमच्याकडेच ठेवा, मी पुन्हा मागेन. आणि हा ‘बिझी’सुद्धा सहजासहजी म्हणायचा नाही, रांग भरत आली की आधीच सांगून थांबायचं, अशी लेखी सूचना आहे.

आता इथे ज्यांना जशी सुचली तशी उत्तरं दिली गेली. एखादा ड्रायव्हर मेमरी मिळाली नाही म्हणून उणे १२ परत करतो. वर ते उत्तर वाचणाऱ्याचा नियम असा, की उणे आकडा आला म्हणजे पॅकेट ड्रायव्हरने संपवलं. ड्रायव्हरला वाटतं, मी चूक कळवली, आता वरचे बघतील. वरच्यांना वाटतं, खालच्याने निकाल लावला. दोघांच्या मध्ये ते पॅकेट बेवारस पडून राहतं, आणि मजा अशी की ही परिस्थिती मेमरी संपत आली असतानाच उद्भवते. म्हणजे मेमरी नाही अशी तक्रार करता करता, होती ती मेमरीही गळू लागते.

उलटा प्रकार त्याहून भयंकर. ड्रायव्हर पॅकेट मोकळं करतो आणि वर ‘बिझी’ सांगतो. कर्नल त्या मेलेल्या पॅकेटाला पुन्हा रांगेत उभं करतो आणि थोड्या वेळाने परत पाठवायला देतो. तोवर त्या जागी दुसऱ्याच कोणाचा संसार थाटलेला असतो. पुढे जे होतं त्याला पॅनिक म्हणतात, आणि त्याचा माग काढत गेलं, की सापडतो तो बिचारा नवा भाडेकरू; खरा गुन्हेगार केव्हाच नामानिराळा झालेला.

यात इतिहासाचाही हात आहे. पूर्वी ‘बिझी’चा आकडा एक होता, आणि बरेच ड्रायव्हर नाव न लिहिता सरळ ‘रिटर्न एक’ म्हणत. २००९ च्या अखेरीस आकडे बदलले, बिझीचे सोळा झाले, आणि एक हा आकडा ‘पॅकेट टाकून दिलं’ या अर्थाकडे गेला. ज्यांनी नावानिशी लिहिलं होतं त्यांना पत्ताही लागला नाही. ज्यांनी आकडा लिहिला होता, त्यांचं ‘सांभाळून ठेवा’ हे वाक्य एका रात्रीत ‘फेकून दिलं’ झालं.

त्याच वर्षी या फंक्शनच्या उत्तराचा प्रकारही बदलला होता. आधी साधा पूर्णांक होता, आता खास ‘नेटडेव्ह-टीएक्स-टी’ आला. हेतू हा, की कोणी भलतंच काही परत करू नये. पण सी भाषेच्या नजरेत हे दोन्ही प्रकार सोयरेच. कंपायलरने हूं की चूं केलं नाही, आणि कैक ड्रायव्हर वर्षानुवर्षं ‘इंट’च म्हणत राहिले. एवढंच कशाला, या खास प्रकाराच्या व्याख्येत पहिली नोंद आहे उणे २१४,७४,८३,६४८ ची. हा आकडा कोणी कधी परत करत नाही. तो तिथे आहे तो हा प्रकार उणे आकडे धरू शकेल याची खात्री म्हणून. उणे उत्तर देऊ नका असं सांगायचं आणि दिलंत तर हरवू नये म्हणून जागा राखून ठेवायची, याला व्यवहारज्ञान म्हणतात.

ही तडजोड २०२२ मध्ये अंगाशी आली. त्या डिसेंबरात आलेल्या ६.१ आवृत्तीत क्लँग कंपायलरची एक नवी सुरक्षाव्यवस्था कर्नलमध्ये दाखल झाली. हल्लेखोराने फंक्शनचा पत्ता बदलून भलतीकडे उडी मारू नये, म्हणून पत्त्यावरून फंक्शन बोलावताना त्याचा प्रकार ठरल्यासारखाच आहे ना, हे ती प्रत्यक्ष चालू यंत्रावर तपासते. जवळपासचा चालत नाही, तंतोतंत तोच हवा. जो ‘इंट’ तेरा वर्षं कोणाच्या डोळ्यांत खुपला नव्हता, त्याला या द्वारपालाने आत सोडायचं नाकारलं. पहिलंच पॅकेट पाठवायला जावं आणि कर्नलने हल्ला झाला असं समजून मान टाकावी, अशी वेळ आली. मग एकेका ड्रायव्हरात शिरून ‘इंट’ खोडून ‘नेटडेव्ह-टीएक्स-टी’ लिहिण्याचे पॅच आले. बदल एका शब्दाचा. खालचं स्पष्टीकरण चांगलं परिच्छेदभर.

पण साऱ्या प्रकारांतला मासलेवाईक नमुना पाहायचा तर कार्डावरच्या ‘फाय’ चिपकडे जावं लागतं. तारेशी प्रत्यक्ष बोलणारी ही चिप. तिच्यात सोळा-सोळा बिटांची रजिस्टरं असतात, आणि क्रमांक एकच्या रजिस्टरात तिची सगळी हालहवाल : तार जोडलेली आहे का, पलीकडच्याशी वेगाची बोलणी पूर्ण झाली का, कोणकोणते वेग जमतात, काही बिघाड आहे का. ते वाचणारं फंक्शन शून्य ते ६५,५३५ यांतला आकडा देतं, आणि वाचता आलं नाही तर उणे चिन्हाची चूक. हे उत्तर ठेवायला उणे आकडा मावेल असं भांडं लागतं. पण रजिस्टर सोळा बिटांचं आहे म्हटल्यावर लिहिणारा साहजिकच सोळा बिटांचा, बिनचिन्हाचा चल घेतो. तर्क बिनतोड आहे. फक्त उणे चिन्ह त्यात शिरताना गळून पडतं.

समजा, चिप बोर्डावर नाहीच. वाचणारं फंक्शन प्रामाणिकपणे उणे १९ सांगतं : असं उपकरणच नाही. सोळा बिटांच्या भांड्यात त्याचे होतात ६५,५१७. आता हा आकडा बिट-बिट करून वाचा. सोळापैकी चौदा खणांत ‘हो’. तार जोडलेली आहे? हो. वेगाची बोलणी पूर्ण? हो. शंभर मेगाबिट जमतं? हो, दोन्ही दिशांनी एकदम. दहा मेगाबिट? तेही. कधीच फारसं कोणी न वापरलेलं शंभर-बेस-टी-चार? का नाही, तेसुद्धा! उरलेले दोन खण, जिथे ‘नाही’ आलं आहे, ते कोणते? एक, पलीकडच्या टोकाला बिघाड आहे का. दुसरा, कोणी अखंड बडबड करून तार अडवतंय का. म्हणजे जिथे हो म्हणणं शोभतं तिथे हो, जिथे नाही म्हणणं शोभतं तिथे नाही. लग्नाच्या बाजारात असं स्थळ मिळायचं नाही : शिक्षण उत्तम, नोकरी कायम, व्यसन नाही, स्वतःचा फ्लॅट, पत्रिकेत छत्तीसच्या छत्तीस गुण. एवढीच बारीकशी बाब, की मुलगा अस्तित्वातच नाही.

याउलट ‘देवाणघेवाणीत बिघाड’ सांगणारा उणे ५ त्याच भांड्यात ओतला, तर तार तुटलेली, पलीकडे बिघाड आणि वर बडबड, असं सगळंच अशुभ निघतं. म्हणजे चिप असून वाचताना अडखळली तर तिची बदनामी, आणि मुळातच नसली तर तिचा गौरव.

अशा ड्रायव्हराच्या यंत्रावर बसलेल्या माणसाची अवस्था सांगावी तेवढी थोडी. यंत्राला विचारावं तर लिंक आहे, वेग आहे, पॅकेट मात्र एकही जात नाही. तो तार बदलतो. मग स्विच बदलतो. मग स्विचवाल्याशी भांडतो.

या चुका शोधायला आता माणसांवर विसंबून राहावं लागत नाही. फ्रान्समध्ये वाढलेलं ‘कोक्सिनेल’ नावाचं साधन आहे. नाव ढालकिड्याचं, फ्रेंच भाषेतलं, कारण तोही दुसरे किडे खाऊन जगतो, हे मावा पडलेलं पीक पाहिलेल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. चुकीचा साचा एकदा लिहून दिला की ते सबंध कर्नलभर तसले साचे हुडकत फिरतं. ‘स्मॅच’ नावाचं दुसरं साधन फंक्शनाच्या सगळ्या वाटा चालून पाहतं आणि सांगतं, या वाटेवर चूक कळवणारा आकडा द्यायला विसरलात. ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट तर सासुरवाशिणीची परीक्षा घ्यावी तशी ओळीओळीला नाक मुरडते. तिचा एक आवडता आक्षेप ‘ई-नॉट-सप’वर असतो. ‘हे जमत नाही’ असं सांगण्याचा रीतसर आकडा ९५, त्याचं नाव ‘ई-ऑप-नॉट-सप’. पण त्याच्यासारखंच आणि जरा आटोपशीर नाव असलेला ५२४ हा आकडा कर्नलच्या आतल्या गोटात आहे, एनएफएस तीनच्या सोयीसाठी आणलेला. आटोपशीर नाव पाहून ड्रायव्हरवाले तोच उचलतात. बाहेरच्या जगाला तो ठाऊक नसतो, म्हणून वापरकर्त्याला दिसतं, ‘अननोन एरर ५२४’.

स्मॅचला वारंवार सापडणारी एक चूक मात्र फार साधी असते. कार्ड ओळखीचं झालं की ड्रायव्हरचं ‘प्रोब’ फंक्शन चालतं. घड्याळ मिळव, इंटरप्ट मिळव, मेमरी मिळव, नाव नोंदव, अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीचं उत्तर ‘एरर’ नावाच्या चलात पडतं. फसलं की ‘गोटू’ने खाली उडी, आतापर्यंत घेतलेलं सगळं परत, आणि शेवटी ‘रिटर्न एरर’. नेटकी पद्धत आहे. पण मेमरी मागणारं फंक्शन आकडा देत नाही, पत्ता देतं. मिळाली नाही तर रिकामा पत्ता. तेव्हा उडी मारण्याआधी ‘एरर बरोबर उणे १२’ ही ओळ स्वतः लिहावी लागते. ती राहिली, की चलात मागच्या यशस्वी पायरीचं शून्य तसंच बसलेलं असतं. ड्रायव्हर सगळा पसारा आवरतो, मेमरी परत करतो, इंटरप्ट सोडतो, दिवे मालवतो आणि जाहीर करतो : शून्य, काम फत्ते. कर्नल विश्वास ठेवतो. पुढे कधीतरी कोणी ड्रायव्हर काढायला जातं, तेव्हा निरोपाचं फंक्शन त्याच रिकाम्या घराची पुन्हा आवराआवर करू लागतं.

दुरुस्ती एका ओळीची. ती स्वीकारली जाण्याचे सोपस्कार मात्र रीतसर. ज्या जुन्या बदलाने चूक आली त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं द्यायची. पॅच दुरुस्तीच्या ‘झाडा’साठी, म्हणजे कोडच्या प्रतीसाठी, की नव्या कामाच्या झाडासाठी, ते मथळ्यात सांगायचं. नवी आवृत्ती जुळत असताना दोन आठवडे दुसऱ्या झाडाला कुलूप असतं. फंक्शनातल्या चलांच्या घोषणा सर्वांत लांब ओळ वर आणि सर्वांत आखूड खाली अशा लावायच्या. याला उलटा ख्रिसमस ट्री म्हणतात आणि नेटवर्क विभाग त्याबाबत सोवळं पाळतो. नुसत्या साफसफाईचे पॅच नकोत, असंही त्यांच्या नियमात लिहिलेलं आहे. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या मात्र चालतात. मराठी शाळेतल्या शिक्षकांना ऐकून बरं वाटेल.

आणि दुरुस्ती केली म्हणजे सगळे खूश होतात असंही नाही. बोर्डावर एखादं घड्याळ अजून तयार नसेल, तर ते पुरवणारा सांगतो उणे ५१७, म्हणजे ‘थोड्या वेळाने या’. ही सोय २०१२ पासून आहे. पण मधला ड्रायव्हर आपल्या अकलेने त्याचं भाषांतर उणे १९ असं करतो, आणि कर्नल ‘उपकरण नाही’ म्हणून पुन्हा फिरकतच नाही. एका बोर्डावर नेटवर्क चालतं, त्याच्या जुळ्या भावावर चालत नाही, कारण तिथे घड्याळ निमिषभर उशिरा उठतं. हे दुरुस्त करावं तर त्या उणे १९ वर भिस्त ठेवून बसलेलं कोणीतरी निघतं.

डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलच्या मीडिया विभागातल्या अशाच एका बदलामुळे एक आयोक्टल, म्हणजे उघडलेल्या उपकरणाला द्यायची आज्ञा, ‘फाइल सापडली नाही’ असा आकडा परत करू लागला, आणि पल्सऑडिओसारखे प्रोग्रॅम बिघडले. त्या विभागाच्या सांभाळकर्त्याने दोष प्रोग्रॅमचा, असा सूर लावताच लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्याला जे सुनावलं, ते संगणकाच्या जगात आजही तोंडपाठ असलेले लोक आहेत. मुलाहिजा न ठेवता सांगितलेलं सार असं, की वापरकर्त्याचा प्रोग्रॅम मोडला तर चूक कर्नलची, आणि तो आकडा फाइलींच्या वाटांसाठी आहे, आयोक्टलने तो द्यायचाच नाही. २०१८ च्या सप्टेंबरात टॉरव्हाल्ड्स यांनी आपल्या बोलण्याच्या तऱ्हेबद्दल माफी मागून काही आठवडे रजा घेतली. आकड्याबद्दलचं मत मागे घेतल्याचं ऐकिवात नाही.

एवढं सगळं निस्तरूनही सख्ख्या भावंडांचं जमतंच असं नाही. फाय चिपशी जोडून देणारी दोन फंक्शनं आहेत, ‘फाय-कनेक्ट’ आणि ‘ओएफ-फाय-कनेक्ट’. दोन्ही पत्ता परत करतात. फसल्यावर पहिलं चूक कळवणारा आकडाच पत्त्याच्या वेषात धाडतं. मेमरीच्या अगदी शेवटच्या ४,०९५ पत्त्यांवर कधी काही राहत नाही, म्हणून कर्नलने ते चुकांसाठी राखून ठेवले आहेत. दुसरं फसल्यावर नुसता रिकामा पत्ता देतं. पहिल्याची परीक्षा दुसऱ्याला लावली तर रिकामा पत्ता पास होतो, आणि दुसऱ्याची पहिल्याला लावली तर चुकीचा पत्ता पास होतो. दोन्हीकडे निकाल तोच, यंत्र आडवं.

यावर सावध माणूस दोन्ही परीक्षा एकदम घेणारी तिसरी चाचणी वापरतो : चुकीचा आहे *किंवा* रिकामा आहे. सापडलं, की पत्त्यातून चुकीचा आकडा काढायचा आणि तो परत करायचा. वेषांतर केलेल्या पत्त्यातून उणे १९ निघतात, छान. रिकाम्या पत्त्यातून निघतं शून्य. ते तसंच वर जातं, आणि कर्नल समजतो, चिप जोडली गेली. स्मॅचला हेही दिसतं. त्याच्या अहवालात त्या ओळीपुढे इशारा छापून येतो : ‘पासिंग झीरो टू पीटीआर-ईआरआर’, आणि पॅचची पुढची आवृत्ती मागवली जाते.